पुराच्या काळातील चुकीची बातमी : जाब कोणाला आणि कसा विचारावा?

चुलबंदकाठ (लाखांदूर, जि. भंडारा)

सर्वांना नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गावाच्या आपत्ती व्यवस्थापन समितीचे लिखापढीचे काम माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे जे घडले, त्यावर कायदा, पाटबंधारे आणि पत्रकारिता या क्षेत्रांतील जाणकारांचे मत मला हवे आहे.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढवण्यात येणार असल्याची सूचना तहसील कार्यालयाकडून दुपारीच आली होती. कोतवालाने दवंडी दिली, पोलीस पाटलांनी सखल वस्तीतील घरे फिरून निरोप दिला, आम्ही शाळेच्या खोल्या मोकळ्या करून ठेवल्या. गाव सावध होते, पण घाबरलेले नव्हते. रात्री एका वृत्तवाहिनीवर धरणाला धोका निर्माण झाल्याची पट्टी फिरू लागली. सोबत दरवाजांतून उसळणाऱ्या पाण्याचे जे दृश्य दाखवले जात होते ते गोसीखुर्दचे नव्हतेच. ज्याने ते धरण एकदा जवळून पाहिले आहे त्याला हे सहज कळले असते. विसर्गाचा आकडाही तहसीलच्या सूचनेतील आकड्याशी जुळत नव्हता. थोड्याच वेळात त्या पट्टीचे छायाचित्र मोबाईलवरून घरोघरी पोहोचले आणि 'धरण फुटले' ही भर वाटेत कोणीतरी घातली. भर पावसात माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून उंचावरच्या रस्त्याकडे निघाली. त्या घाईत एक वृद्ध गृहस्थ ट्रॉलीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ते आजही आधाराशिवाय चालू शकत नाहीत. प्रत्यक्षात त्या रात्री पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

सकाळी वाहिनीवरून ती पट्टी नाहीशी झाली होती. चूक झाली, असे तिथे कोणीही म्हटले नाही. एका दैनिकाने तोच आकडा पहिल्या पानावर छापला आणि त्याचा खुलासा नंतर आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींना खेटून, तीन ओळींत केला. या प्रकाराची खरी किंमत आम्ही त्याच हंगामात पुढे मोजली. विसर्ग खरोखरच मोठा वाढला, तेव्हा सखल वस्तीतील काही कुटुंबांनी घर सोडण्यास साफ नकार दिला आणि त्यांना नंतर कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. मागच्या वेळीही असेच सांगितले होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

अशा बातमीबद्दल वाहिनीला किंवा दैनिकाला जबाबदार धरण्याचा काही मार्ग ग्रामपंचायतीला किंवा साध्या नागरिकाला आहे काय? असल्यास तक्रार कोणाकडे करायची, आणि तिच्यातून काय पदरात पडेल याची वास्तव अपेक्षा काय ठेवावी? कोणाला तुरुंगात पाठवण्याची गावाची इच्छा नाही. चूक ज्या ठिकाणी आणि ज्या आवाजात झाली, त्याच ठिकाणी आणि त्याच आवाजात ती दुरुस्त व्हावी, इतकेच आमचे मागणे आहे.

---

ॲडव्होकेट_साकोली

गुरुजी, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की वृत्तपत्र, दूरचित्रवाणी वाहिनी आणि मोबाईलवरचे वृत्तसंकेतस्थळ यांच्यासाठी तीन वेगवेगळी दारे आहेत, आणि एका दारावर दुसऱ्याची तक्रार घेत नाहीत.

दैनिकाविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते. ही परिषद १९७८ च्या कायद्यानुसार काम करते. तिच्या पत्रकारितेच्या आचारनियमांत नैसर्गिक आपत्तीच्या वार्तांकनाचा स्वतंत्र उल्लेख आहे : आपत्तीविषयीची माहिती अधिकृत स्रोतांकडून पूर्णपणे पडताळून, संयमाने आणि अतिशयोक्ती टाळून द्यावी. चूक लक्षात आल्यावर संपादकाने ती स्वतःहून, तातडीने आणि ठळकपणे दुरुस्त करावी, हेही त्या नियमांत आहे. निविदांच्या शेजारचा तीन ओळींचा खुलासा या कसोटीला उतरतो किंवा नाही, हाच आपल्या तक्रारीचा गाभा असू शकतो. पद्धत अशी की आधी संपादकाला लेखी कळवायचे, त्याचे उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास परिषदेकडे जायचे, आणि दैनिकाच्या बाबतीत हे सर्व बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करायचे. आपली मुदत गेली असल्यास विलंब माफ करण्याची विनंती कारणांसह जोडावी लागेल. परिषद संपादकाला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते किंवा त्याच्याविषयी नापसंती नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

वाहिनीच्या बाबतीत केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली तक्रार वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. त्याने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान न झाल्यास पुढील पंधरा दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येते. त्यानंतरची पायरी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची आहे. याच नियमांतील कार्यक्रम संहितेत खोट्या आणि अर्धसत्य मजकुराला मनाई आहे, त्यामुळे आधार पक्का आहे. स्वनियमन संस्था क्षमायाचना प्रसारित करायला लावू शकते, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे. आर्थिक दंडाबद्दल मात्र फार आशा ठेवू नये. एका वाहिनीला एक लाख रुपये दंड परिणामकारक ठरतो काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये उपस्थित केला होता.

आता ज्या कलमाचे नाव सगळे घेतात त्याकडे येतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबाबत किंवा तिच्या तीव्रतेबाबत खोटा इशारा देणे अथवा पसरवणे, आणि त्यातून घबराट होणे, हा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड. मदतीसाठीच्या खोट्या दाव्याबद्दलच्या कलम ५२ मध्ये 'जाणीवपूर्वक' हा शब्द आहे, तो कलम ५४ मध्ये नाही. त्यामुळे वरकरणी हे कलम कठोर दिसते. परंतु कलम ६० प्रमाणे न्यायालय अशा गुन्ह्याची दखल शासन किंवा आपत्ती प्राधिकरणाच्या तक्रारीवरून घेते, अन्यथा ज्या नागरिकाने आधी किमान तीस दिवसांची नोटीस दिली आहे त्याच्या तक्रारीवरून. शिवाय एक अडचण अशी की जे प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे त्याची चौकशी प्रेस परिषद करत नाही. म्हणजे दैनिकाविरुद्ध न्यायालयात गेलात की तिकडचे दार बंद होते. आपले मागणे दुरुस्तीचे असेल तर फौजदारी मार्गाने आधी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जखमी गृहस्थांच्या भरपाईसाठी दिवाणी दावा तत्त्वतः करता येईल. मात्र 'धरण फुटले' हे शब्द वाहिनीचे नव्हते, ते वाटेत जोडले गेले. प्रतिवादीचा वकील पहिल्याच दिवशी तेवढ्याच धाग्याला धरील. त्या कुटुंबाला खोटी आशा लावू नये.

---

निवृत्त_उपअभियंता

विसर्गाचा आकडा जुळत नव्हता असे आपण लिहिले आहे. तो किती पटीने चुकला होता हे तपासून पाहिलेत काय? जवळपास पस्तीस पटीचा फरक असल्यास गफलत कुठे झाली हे मी येथे बसून सांगू शकतो.

गोसीखुर्दचा विसर्ग पाटबंधारे विभाग सामान्यतः क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर, असा कळवतो. पुण्या-मुंबईकडच्या बातम्यांत आणि खाली गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याच्या बाबतीत तेलंगणाकडून येणाऱ्या माहितीत आकडे क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असे असतात. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. पाच हजार क्युमेक म्हणजे जवळपास १ लाख ७६ हजार क्युसेक. मूळ सूचनेत 'पाच हजार क्युमेक' असताना कोणी 'पाच हजार क्युसेक' लिहिले तर महापूर ओढ्याएवढा होतो. उलट, आधीच क्युसेकमध्ये बदललेल्या आकड्यापुढे कोणी क्युमेक लिहिले तर वैनगंगेच्या पात्रात कधीच न मावणारे पाणी कागदावर वाहू लागते. दोन्ही प्रकार मी नोकरीत असताना छापून आलेले पाहिले आहेत, आणि माझ्या मते पहिला प्रकार अधिक घातक आहे, कारण त्याबद्दल कोणी ओरड करत नाही.

दुसरी नेहमीची चूक दरवाजांची. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. 'सर्व ३३ दरवाजे उघडले' हा मथळा वाचून खालच्या गावातील माणसाच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. पण सगळे दरवाजे अर्धा मीटर उचलणे आणि पूर्ण उचलणे यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. दरवाजे उघडणे हे धरण सुरक्षित ठेवण्यासाठीच केले जाते. त्या कृतीलाच 'धरणाला धोका' म्हणणे, हे अज्ञान आहे की हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे. पाण्याची उंची, उचललेल्या दरवाजांची संख्या, प्रत्येकाची उंची आणि एकूण विसर्ग या चार गोष्टी एकत्र दिल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही.

तिसरी चूक आपल्या तालुक्याला विशेष बाधते. भंडाऱ्याजवळ कारधा पुलावर वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरली जाते. ती ओलांडली की 'वैनगंगेने धोक्याची पातळी ओलांडली' असे छापून येते आणि लाखांदूर-पवनीचे लोक तो इशारा स्वतःसाठी समजतात. वास्तविक कारधा हे ठिकाण गोसीखुर्दच्या वरच्या अंगाला आहे आणि लाखांदूर धरणाच्या खाली. तुमच्यासाठी निर्णायक असतो तो धरणातून सोडलेला विसर्ग आणि त्या वेळी चुलबंद नदीचे पाणी वैनगंगेत शिरू शकते की मागे तुंबते, ही गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून संजय सरोवर धरणाचे पाणी आले, तेव्हा भंडारा शहरही बुडाले आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावेही बुडाली. पण वरच्या आणि खालच्या गावांना पाणी एकाच वेळी व एकाच कारणाने आले नव्हते. जिल्हा हा महसुली घटक आहे. नदीला त्याच्याशी कर्तव्य नाही.

(पावसाच्या बाबतीतही असेच होते. साधारणपणे तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस मर्यादित क्षेत्रावर पडला तर हवामान विभाग त्याला ढगफुटी मानतो. आमच्याकडे बातम्यांत दर आषाढात तालुक्याच्या प्रत्येक महसूल मंडळात 'ढगफुटीसदृश' पाऊस पडतो.)

तक्रार करताना 'बातमी खोटी होती' असे मोघम लिहू नये. तहसीलची सूचना एका बाजूला आणि वाहिनीचा आकडा दुसऱ्या बाजूला ठेवून, वेळेसह तक्ता करावा. आकड्यापुढे वाद चालत नाही.

---

तालुका_वार्ताहर

मी पवनीकडचा आहे आणि अनेक वर्षांपासून एका दैनिकासाठी तालुक्याचे काम करतो. गुरुजींचा राग रास्त आहे. त्या रागाचा पत्ता मात्र नीट लिहिला जावा, म्हणून काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

ग्रामीण भागातील बहुतेक वार्ताहरांना नेमणूकपत्र नसते. मानधन नाममात्र असते आणि वर्षाकाठी किती जाहिराती गोळा करायच्या याचे उद्दिष्ट मात्र ठरलेले असते. पुराच्या रात्री त्याच्याकडे ना डोंगा, ना रेनकोट. मोटारसायकलवरून जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत तो जातो. नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्या रात्री सतत व्यस्त असतो. जिल्हा प्रशासनाचा जो गट मोबाईलवर आहे, त्यात फक्त प्रशासनाला लिहिता येते, प्रश्न विचारता येत नाही. अधिकृत प्रसिद्धिपत्रक येईपर्यंत नागपूरच्या डेस्कवर पान लावण्याची वेळ निघून जाते. मग डेस्क दुसऱ्या कुठूनतरी आलेला आकडा घेते, दृश्य संग्रहातून काढते, आणि बातमीच्या वर नाव लागते ते तालुक्याच्या वार्ताहराचे. लोक दुसऱ्या दिवशी चौकात त्यालाच धरतात. संग्रहातील दृश्य वापरताना त्यावर 'संग्रहित' असे लिहिण्याचा संकेत आहे. तो पाळणे न पाळणे ज्याच्या हातात असते तो माणूस लाखांदूरला कधी आलेलाही नसतो.

म्हणून जबाबदारी संपादकावर ठेवावी, हे मी आग्रहाने सांगतो. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. १८६७ च्या जुन्या कायद्यातही ती व्यवस्था होती आणि १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यातही संपादकाची जबाबदारी ठरलेली आहे. तुमचे पत्र त्या नावाने जावे.

कलम ५४ बद्दल वकीलसाहेबांनी सावध केले ते बरे झाले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत वांद्रे येथे जमलेल्या गर्दीनंतर रेल्वेगाड्यांच्या बातमीवरून एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला अटक झाली होती. त्याला लवकरच जामीन मिळाला, पण जिल्ह्या-तालुक्यांतील पत्रकारांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. त्याच्या थोडे आधी, ३१ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात याच कलमाचा उल्लेख केला आणि माध्यमांनी घडामोडींची अधिकृत बाजू प्रसिद्ध करावी असे सांगितले. मोकळ्या चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचेही त्याच आदेशात नमूद होते. अधिकृत बाजू द्यायला कोण नाही म्हणते? पण उद्या बंधाऱ्याला खरोखर भेग पडली आणि विभाग ती नाकारत असला, तर पहिली बातमी देणाऱ्याला याच कलमाची भीती घातली जाईल. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडीगड्ड्याचे खांब खचले, तेव्हा शेजारच्या सिरोंच्याच्या लोकांना ते किती लवकर कळावे असे आपल्याला वाटते? चुकीच्या बातमीला आळा घालताना खरी पण गैरसोयीची बातमी मरू नये, एवढी काळजी घ्यावी.

---

सरपंच_ब्रह्मपुरी

वार्ताहर भाऊंचे म्हणणे पटते, परंतु चर्चा एकाच प्रकारच्या चुकीभोवती फिरते आहे. आम्ही नदीच्या दुसऱ्या काठावर, चंद्रपूर जिल्ह्यात आहोत. आमच्या गावाला अतिरंजित बातमीपेक्षा जास्त नुकसान झाले ते 'पूर ओसरला, जनजीवन पूर्वपदावर' या बातमीने.

पूर ओसरला होता तो डांबरी रस्त्यावरून. आमच्या बांध्यांत त्यानंतरही पाणी उभे होते, रोवणी केलेले धान कुजत होते. त्याच सुमारास एका दैनिकात तालुक्यातील पंचनामे पूर्ण झाल्याचे छापून आले. कास्तकारांनी ते वाचून गृहीत धरले की आपले नाव राहून गेले, आता धावपळ करून उपयोग नाही. त्या वेळी पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागत होती. कोणी बातमीवर विसंबून थांबले, कोणी मुदत वाढल्याची ऐकीव गोष्ट खरी मानली, आणि काहींचे दावे त्यातच गेले. शासनाच्या मदतीसाठी ३३ टक्के नुकसानीची अट असते. ती अट कोणत्या मंडळात पूर्ण झाली याची चुकीची यादी छापून आली की ज्यांची नावे त्यात नसतात ते तलाठ्याच्या दारात भांडायला जातात, आणि ज्यांची असतात ते महिनोन्महिने पैशाची वाट पाहतात. या चुकांमुळे कोणी रस्त्यावर धावत सुटत नाही, म्हणून त्या चुकाच नव्हेत असे मानले जाते.

आणखी एक. पुराची छायाचित्रे कुठली येतात? जिथे महामार्ग आहे, पूल आहे, मंत्र्यांचा दौरा आहे तिथली. आतल्या टोल्या, नदीच्या बेटासारख्या भागातील वस्त्या यांच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही आणि बातमीत नसलेले गाव मदतीच्या यादीतही खाली सरकते. २०२२ च्या जुलैमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक गावांचा संपर्क तुटला होता, त्या वेळी आम्ही हे फार जवळून पाहिले. ज्या गावाची बातमीच झाली नाही त्याने तक्रार कुठल्या कलमाखाली करायची, हे वकीलसाहेबांनी सांगावे.

---

ॲडव्होकेट_साकोली

सरपंच ताई, आपण कायद्यातील खऱ्या उणिवेवर बोट ठेवले आहे. कलम ५४ फक्त खोट्या धोक्याच्या इशाऱ्याला लागू होते, आणि तेही घबराट झाली तरच. खोटा दिलासा त्याच्या कक्षेत येत नाही. रस्ता पाण्याखाली असताना वाहतूक सुरू झाल्याची बातमी आली आणि तिच्या भरवशावर कोणी पुलावर गाडी घातली, तरी या कलमाखाली काही करता येणार नाही. प्रेस परिषदेचे आचारनियम मात्र दोन्ही प्रकारच्या चुकांना सारखेच लागू आहेत, कारण तिथे कसोटी अचूकतेची आहे. न छापलेल्या बातमीबद्दल दाद मागण्याचा मार्ग कुठेच नाही. संपादकाने काय छापावे हे सांगण्याचा अधिकार कोणाला असूही नये. त्यासाठी ग्रामपंचायतीने स्वतःची नोंद ठेवणे हाच उपाय आहे : वेळ दिसेल अशी छायाचित्रे, पाण्याची पातळी, तुटलेल्या रस्त्याचे ठिकाण, आणि हे सर्व तहसीलदारांना लेखी.

उलट त्याच अधिनियमाच्या कलम ६७ कडे आपण कोणीच पाहिलेले दिसत नाही. आपत्ती प्राधिकरणाच्या शिफारशीवरून शासन कोणत्याही श्राव्य किंवा दृक्‌श्राव्य माध्यमाला इशारा व सूचना प्रसारित करण्याचे निर्देश देऊ शकते. चुकीच्या पट्टीनंतर तासाभरात जिल्हा प्राधिकरणाने अशी शिफारस केली असती, तर निदान त्याच वाहिनीवर योग्य आकडा गेला असता. तेव्हा तशी शिफारस झाली होती काय, आणि नसल्यास का नाही, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला जरूर विचारावा. दोष फक्त एका बाजूचा नाही, हे त्यातून कागदावर येईल.

---

कामठी_वाचक

थोडे विषयाला धरूनच : यातली निम्मी चूक मोबाईलवर झाली, तर वाहिनीवर इतका रोख कशाला? २०१५ मध्ये चेन्नईत पूर आला असताना मगरींच्या संवर्धन केंद्रातून मगरी सुटल्याची अफवा पसरली होती. २०१८ मध्ये केरळात मुल्लपेरियार धरण फुटल्याची ध्वनिफीत फिरली. या दोन्ही अफवा मोबाईलवरून पसरल्या, आणि त्या खोट्या असल्याचे लोकांना वृत्तमाध्यमांनीच सांगितले.

---

चुलबंदकाठ

आपला मुद्दा मान्य आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा अधिक पक्का होतो. मोबाईलवरील निरोपावर आमच्या गावातील जाणती माणसे सहसा विश्वास ठेवत नाहीत. आधी टीव्ही लावा, असे म्हणतात. त्या रात्री त्यांनी टीव्ही लावला आणि तिथे ती पट्टी होती. अफवा खोडण्यासाठी ज्याच्याकडे पाहायचे तेच ठिकाण त्या रात्री अफवेला दुजोरा देत होते.

उपअभियंता साहेबांच्या सूचनेप्रमाणे मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. तहसीलच्या सूचनेत क्युमेक होते. दैनिकातील आकडा म्हणजे त्याच विसर्गाचे क्युसेकमध्ये केलेले रूपांतर, आणि त्याच्यापुढे पुन्हा क्युमेक लिहिलेले. वाहिनीच्या पट्टीवर तोच मोठा आकडा एकक न लिहिता दिलेला होता. म्हणजे गफलत कुठे झाली हे आता दाखवता येते. तिला पडताळून पाहायला एक फोन पुरला असता, हेही लिहिता येते. वार्ताहर भाऊंचे म्हणणे लक्षात घेऊन पत्र संपादकांच्या नावेच पाठवत आहोत आणि त्यात स्थानिक प्रतिनिधीविरुद्ध आमची तक्रार नसल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. सरपंच ताईंच्या गावाच्या पंचनाम्याच्या बातमीचे कात्रण मिळाल्यास दोन्ही गावांनी एकाच वेळी, पण स्वतंत्र पत्रे पाठवावीत असे सुचवतो. एका गावाची तक्रार डेस्कवर सहज बाजूला पडते.

दोन शंका उरतात. आमच्याकडे वाहिनीच्या पट्टीची केवळ छायाचित्रे आहेत, चित्रफीत नाही. वाहिनीने प्रसारणच नाकारले तर काय करायचे? आणि आमच्या भागातील ज्या लहान वृत्तसंकेतस्थळांनी हीच बातमी उचलली, त्यांचे काय?

---

ॲडव्होकेट_साकोली

वाहिन्यांना प्रसारित मजकुराचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावे लागते, ही परवानगीच्या अटींतील बाब आहे. तेवढा काळ अद्याप उलटला नसेल तर पहिल्या पत्रातच त्या दिवसाचे, त्या वेळेचे मुद्रण नष्ट करू नये अशी मागणी लेखी करा, आणि वेळ शक्य तितकी नेमकी लिहा. उलटला असेल तर छायाचित्रे, ती ज्या मोबाईलवर प्रथम काढली गेली तो मोबाईल, आणि ती पट्टी प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन-तीन जणांची सही केलेली निवेदने एवढ्यावर काम चालवावे लागेल. चालू शकते. पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण खासगी वाहिन्यांवर लक्ष ठेवणारी जिल्हास्तरीय समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. बहुतेक जिल्ह्यांत ती कागदावरच असते, पण पत्र आवक नोंदवहीत चढले म्हणजे बैठक घ्यावी लागते.

वृत्तसंकेतस्थळांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांतील नियम ९ च्या पोटनियम १ व ३ ला, म्हणजे आचारसंहिता पाळण्याचे बंधन आणि तक्रारींच्या तीन पायऱ्या यांना, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. त्या मार्गावर सध्या भिस्त ठेवू नका. त्यांच्या संपादकाला साधे पत्र लिहून दुरुस्ती मागा; दैनिकाने खुलासा ठळकपणे छापला तर ही मंडळी तो उचलतातच, जशी बातमी उचलली होती.

पत्रे स्पीड पोस्टाने, नोंदणी व पोचपावतीसह पाठवा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडत असाल तर त्यावर मासिक सभेची तारीख आणि ठराव क्रमांक असू द्या; आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत नेमक्या याच दोन गोष्टी राहिलेल्या असतात.

---

सरपंच_ब्रह्मपुरी

कात्रण सापडले. तारीख असलेला पानाचा वरचा भागही शाबूत आहे. गुरुजी, आमची मासिक सभा या महिन्याच्या अखेरीस आहे, तोवर आपल्या पत्राचा मसुदा मिळाला तर आमचा ठराव त्याच धर्तीवर घेता येईल.

---

निवृत्त_उपअभियंता

मसुदा मलाही दाखवा. एककांची बाजू मी तपासून देतो. आणि पत्राच्या शेवटी एक मागणी आणखी जोडा : पुढील पावसाळ्यापासून तहसीलच्या सूचनेतच विसर्ग क्युमेक आणि क्युसेक अशा दोन्ही एककांत, उचललेल्या दरवाजांच्या उंचीसह द्यावा. ती मागणी वाहिनीकडे नव्हे, कार्यकारी अभियंत्यांकडे जाईल, म्हणून तिचे पत्र वेगळे करा.